जोडीचा दम

शिट्टी माझी वाजली. कापडाच्या दुकानाखालचं तळघर, धूर असा की स्वतःचा हात स्वतःला दिसेना, भिंत चाचपत आम्ही दोघं अजून निम्म्यातही पोचलो नव्हतो, तेवढ्यात माझ्या पाठीवरचा सिलिंडर किंचाळायला लागला. हवा संपत आली की ही शिट्टी वाजते, आणि जोडीतल्या एकाची वाजली की दोघांनी बाहेर यायचं, दुसऱ्याकडे कितीही हवा शिल्लक असो. आलो बाहेर. दुसरी जोडी आत गेली, तिने आग विझवली. आत माणूस कोणी नव्हतंच. कापडाचे काही गठ्ठे जळाले, दुकानदाराने आम्हा सगळ्यांना चहा पाजला, म्हणजे बघायला गेलं तर झालं काहीच नाही. पण मी मास्क काढून फुटपाथवर फतकल मारून धापा टाकत बसलो आणि शेजारी काडी येऊन बसला. काडी म्हणजे माझा जोडीदार, इतक्या वर्षांचा. बसल्याबसल्या त्याने छातीवर लोंबणाऱ्या आपल्या मीटरवर तळहात ठेवला, सहज ठेवावा तसा. सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते त्या मीटरवर दिसतं. त्याची अर्ध्याहून जास्त उरली असणार, आणि ती माझ्या नजरेला पडू नये म्हणून हा बाबा उजवा हात तिथे ठेवून डाव्या हाताने चहा पीत होता, निम्मा अंगावर सांडत. मेल्याला वाटलं मला कळत नाही. काटा बघितला असता तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. तो हात मात्र घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. अजूनही हलत नाही.

स्टेशनात मला क्रेन म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं तो निवृत्त होऊन गेला, नाव मागे ठेवून गेला. दार जाम झालं, क्रेनला बोलवा. आजारी आजीबाईंना खुर्चीसकट खाली आणायचंय, क्रेन कुठे गेला बघा. काडीचं सगळं उलटं. अंगावर मांस नावाला नाही, बाजारात दोन पिशव्या जड झाल्या तर बायकोच्या हातात देणारा माणूस, पण दम बघावा तर त्याचाच. अख्खा जिना चढून जाईल आणि वर पोचल्यावर गाणं म्हणेल, तेही बेसूर. पाण्याचा पाइप घेऊन तो पुढे, वजन घेऊन मी मागे, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. ती कोणी ठरवली नाही. लग्नानंतर पलंगाची कोणती बाजू कोणाची हे कुठे कोणी ठरवतं? दरवर्षीची चाचणीही आम्ही तशीच पार पाडायचो. मैदानाला फेऱ्या मारायच्या, मग वाळू भरलेला माणसाएवढा बाहुला ओढत पांढऱ्या रेषेपलीकडे न्यायचा. चाचणी जोडीची असायची. धावताना काडी माझा पट्टा धरून मला खेचायचा, आणि बाहुला मी एकटा ओढायचो, काडी शोभेला हात लावून मागून यायचा. सगळ्यांना माहीत होतं, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. दोघं मिळून आम्ही एक उत्तम फायरमन होतो, आणि एका माणसाचं काम दोन माणसांच्या पगारात करतो म्हणून आम्हीच आमची टिंगल करायचो.

त्या तळघरानंतर आठवड्याभरात नव्या साहेबांनी सगळ्यांना बंबांच्या पुढ्यात उभं केलं. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडताही येत नाही. म्हणाले, "यापुढे चाचणी एकेकट्याची. दम हवा आणि ताकदही हवी, दोन्ही एकाच अंगात. तीन महिने देतो. ज्याला जमणार नाही तो गाडीवर नाही, फोनच्या खोलीत." फोनची खोली म्हणजे काचेची एक पेटी. ज्यांचे गुडघे गेले, पाठ गेली, ते तिथे बसतात, फोन उचलतात, पत्ता विचारतात, आणि बंब बाहेर पडला की काचेला नाक लावून बघत राहतात. बघतात आणि बिस्किटं खातात. मला पत्ता विचारायचा नव्हता. मला त्या पत्त्यावर जायचं होतं, काडीच्या मागून, जाता येईल तितके दिवस. यापलीकडे मी आयुष्याकडे काही मागत होतो असं मला आठवत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असते. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसतो आणि चारही पाय मधल्या एकाच स्टुलावर टाकतो, कोणाचे वर कोणाचे खाली हे ज्याचा दिवस जास्त वाईट गेला त्यावर. ती म्हणाली, "अहो, मग बरंच आहे की. पंख्याखाली बसायचं. लोक मरतात अशा खुर्चीसाठी." मी म्हटलं, "तुला कळायचं नाही." ती म्हणाली, "मला काय कळायचं? रात्री शेजारी कोण धापा टाकतं ते मला कळतं." आणि तिने माझे पाय खालून काढून वर घेतले. खरं सांगायचं तर तळघराच्या आधीपासूनच काहीतरी हरवत चाललं होतं. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी थांबायचो आणि खिशात किल्ली शोधल्यासारखं करायचो. किल्ली कुठे जाते? किल्ली असायचीच. शेजारची म्हातारी हातात भाजीची पिशवी घेऊन मला ओलांडून वर जायची आणि "सापडली का?" विचारायची. मी म्हणायचो, सापडतेय.

माझे वडील बाजारात हमाल होते. पाठीवर पोतं घेऊन ते फळीवरून चढत, आणि पोतं उचलताना श्वास असा कोंडत की गळ्याच्या शिरा बोटासारख्या वर येत. मी लहानपणी ते बघत बसायचो आणि माझाही श्वास कोंडला जायचा. धावणाऱ्या माणसांविषयी त्यांचं मत वाईट होतं. "धावतो कोण? ज्याने चोरी केलीय तो, नाहीतर ज्याच्या मागे कुत्रं लागलंय तो." मी आयुष्यभर त्यांच्या बाजूचाच राहिलो. वजन म्हणजे खरं काम. धावणं म्हणजे पळणं, आणि पळणं काही चांगलं नाही. आता या वयात अर्धी चड्डी घालून मैदानावर उभा राहिलो तेव्हा पहिली लाज वाटली ती त्यांची. ते असते तर म्हणाले असते, कोणाची चोरी केलीस रे?

आम्हाला शिकवायला साहेबांनी एक ट्रेनर आणली. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, गळ्यात घड्याळ लटकवलेलं, आणि पहिल्याच दिवशी मला "काका" म्हणून मोकळी झाली. काडीला "सर". आमच्यात दोन वर्षांचा फरक आहे. मी तोंड वाकडं केलं तर काडी हसून हसून वाकला. तिने सगळं नीट समजावलं. आठवड्यातले दोन दिवस वजनं. दोन दिवस सावकाश धावणं. एक दिवस दोन्हींची सरमिसळ, म्हणजे धावा, उचला, लगेच परत धावा, कारण आगीत कोणी मध्ये विश्रांती देत नाही. उरलेले दिवस आराम. "आराम हासुद्धा व्यायामच आहे बरं का काका. तो चुकवायचा नाही." पोरीची एवढी एकच गोष्ट मला मनापासून पटली. सावकाश धावण्याची खूण तिने अशी सांगितली होती: धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. दम असाच वाढतो, हळूहळू, गप्पा मारत.

मग आम्ही धावू लागलो, पहाटेच्या पाळीनंतर, स्टेशनामागच्या मैदानावर. सोपं नव्हतं, पण जमत होतं असं वाटायचं. महिनाभर आम्ही एक दिवस चुकवला नाही. आणि महिन्याने तिने दोघांना वेगवेगळं तपासलं तर माझा दम होता तिथेच, आणि काडीला बाहुला हातभरसुद्धा हलेना. ती बुचकळ्यात पडली. म्हणाली, "रोज करता तसं करून दाखवा बघू." आम्ही दाखवलं. ती घड्याळ हातात धरून बघत राहिली, आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. गप्पा काडी मारत होता. मी "हं" म्हणत होतो. फेरीमागून फेरी तो बोलतोय, त्याच्या मेव्हण्याचं, गच्चीवरच्या गळतीचं, आणि मी हं, हं, बरं, मग? वजनांच्या वेळी उचलत मी होतो, आणि काडी शेजारी उभा राहून मोजत होता. त्याची पाळी आली की गोणीचं दुसरं टोक मी धरायचो. फसवत नव्हतो हो आम्ही. देवाशपथ, दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. गप्पा व्हायला पाहिजेत, तर गप्पा झाल्या. गोणी उचलली जायला पाहिजे, तर गोणी उचलली गेली. इतक्या वर्षांत काम झालं की नाही एवढंच आम्ही बघत आलो, कोणाच्या अंगातून झालं ते बघायची वेळच आली नव्हती. "तुम्ही दोघं व्यायाम करतच नाही आहात," ती म्हणाली. "तुम्ही नुसते एकमेकांना सांभाळताय." तिला राग आला होता आणि हसूही येत होतं. "उद्यापासून उलट. धावताना काका बोलतील, सर गप्प. वजन सर उचलतील, काका हात मागे बांधून मोजतील."

बोलायचं म्हणजे काय बोलायचं? आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. पहिले काही दिवस मी मैदानापलीकडच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत धावलो. काडी शेजारून ओठ घट्ट मिटून धावायचा, त्याचाही जीव कासावीस व्हायचा, बोलता येत नाही म्हणून. मग पाट्या संपल्या आणि मी वडिलांचं सांगू लागलो, तुटक तुटक, दोन शब्द आणि एक धाप. फळी. पोतं. त्यांच्या मानेवरचा घट्टा, जो मी लहान असताना रात्री बोटाने दाबून बघायचो आणि त्यांना कळायचंसुद्धा नाही, इतका तो मेलेला होता. लेक झाली तेव्हा मी तिला उचलायला घाबरलो होतो तेही सांगितलं. एवढी मोठमोठी माणसं उचलली आणि त्या चिमूटभर जिवाला हात लाववेना. बायकोलाही हे कधी सांगितलं नव्हतं. श्वास पुरत नसला की माणूस सजवून बोलत नाही, निघेल तो शब्द बाहेर टाकतो. काडी ऐकत होता आणि माझ्या वेगाने वेग घेत होता. धावून झालं की मी गवतावर आडवा व्हायचो, आणि असा थकवा यायचा की वाटायचं आता इथेच मुळं फुटतील तर बरं.

आणि वजनाच्या दिवशी मी हात मागे बांधून उभा राहायचो. हे धावण्याहून अवघड होतं. काडी बाहुल्याशी झटत होता. मी त्याला शिकवत होतो, पाठ नको, कंबर खाली घे, काखेतून हात घाल, आपलंच मनगट आपण पकड, माणूस ओढायचा नाही, आपण मागे जायचं, तो आपोआप येतो. एकदा बाहुला थोडासा सरकला आणि त्याच्या हातून सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा सुटल्यावर त्याने बाहुल्याला लाथ मारली. काडीने. मुंगीला वळसा घालून जाणाऱ्या माणसाने. मी हसलो. म्हटलं, "अरे, त्या बिचाऱ्याने काय केलंय तुझं?" तर तो माझ्यावरच उसळला. "तू हस. तुला काय जातंय हसायला? मी आत पडलो तर तू मला बगलेत मारून बाहेर येशील. तू पडलास तर? तू पडलास तर मी काय करू, सांग ना! शेजारी बसू? इतकी वर्षं प्रत्येक कॉलला तुझ्यापुढे चालताना माझ्या डोक्यात तेवढंच असतं. पडू नकोस रे बाबा, पडू नकोस, मला तुला काढता येणार नाही." त्याचा आवाज फाटला होता. मी उभा होतो तसाच उभा राहिलो, हात मागे. मला वाटत आलं होतं की काडी पुढे असताना गाणी म्हणतो, मनातल्या मनात. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. चहा प्यायलो आणि आपापल्या घरी गेलो, आणि जिन्याच्या वळणावर मी खरंच थांबलो, किल्ली न शोधता, भिंतीला टेकून.

त्यानंतर त्याचं वजन वाढत गेलं, म्हणजे तो उचलत होता ते. मी मोजत होतो आणि आनंद होत होता, खोटं कशाला बोलू, आणि मोजता मोजता आकडाही चुकत होता. बाहुला हातभर सरकला, मग चार हात, मग एका दमात निम्मं अंतर. काडीच्या खांद्याला गोलाई आली. त्याची बायको म्हणे आता त्याच्या हातातून पिशव्या घेत नाही. माझा दमही वाढला, नाही असं नाही. म्हातारीच्या बरोबरीने जिना चढू लागलो. पण जितका वाढायला हवा होता तितका वाढेना. ट्रेनर म्हणायची, "होतंय काका, होतंय, वेळ लागतो," आणि घड्याळ मुठीत झाकून घ्यायची. जग मला माझे आकडे दाखवेनासं झालं होतं. सकाळी उठताना गुडघे बोलायचे, दुपारी जेवताना डोळे मिटायचे. अंगात जे काही होतं ते एका बाजूला लावलं की दुसऱ्या बाजूला कमी पडायचं, आखूड पांघरुणासारखं. बायको माझ्या पोटऱ्यांना तेल चोळताना एकदा म्हणाली, "किती दिवस हो?" मी म्हटलं, "चाचणीपर्यंत." ती म्हणाली, "त्याचं नाही विचारलं." मी झोप लागल्यासारखं केलं, आणि लागलीच.

चाचणीच्या दिवशी ऊन होतं आणि वारा नव्हता. मी धावलो. सांगण्यासारखं त्यात काही नाही. शेवटची फेरी उरली असताना साहेबांनी घड्याळ थांबवलं. मी तरी ती फेरी पूर्ण केली, कोणी नको म्हणालं नाही. परत आलो तेव्हा साहेब म्हणाले, "बसा तुम्ही." मला त्यांनी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. नियम असा की धावण्यात राहिला तो पुढे बाहुल्याशी जात नाही. मी एका हाताने तो बाहुला आणून त्यांच्या पायाशी टाकला असता, पण ते कोणी विचारत नव्हतं. मी झाडाखाली बसलो. काडीने फेऱ्या मारल्या, धापा न टाकता, माझ्याकडे न बघता. मग एकेक जण बाहुला ओढू लागला, आणि काडीच्या आधीच्या माणसाने असा काही हिसका दिला की बाहुल्याचा खांदा उसवला. भसाभस वाळू बाहेर आली. सगळे हसले. बाहुल्याची गादीसारखी घडी झाली.

"दुसरा बाहुला नाही," साहेब म्हणाले. "कोणीतरी पडा रे." मी उठलो. आता मला दुसरं काम तरी काय होतं? साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही नको. तुम्ही बाहुल्यापेक्षा जड आहात. त्याच्यावर अन्याय होईल." आणि काडी म्हणाला, "साहेब, हाच पाहिजे." "अरे, पण नियमाने..." "हाच पाहिजे," काडी पुन्हा म्हणाला. त्या आवाजात मी त्याला आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

मी मातीवर उताणा झालो. वर आभाळ पांढुरकं, रिकामं. काडी डोक्याशी वाकला, माझ्या काखांतून हात घातले, आपलंच मनगट पकडलं, कंबर खाली घेतली. मी हललो. माझ्या टाचा मातीत घासू लागल्या. मनात आलं, टाचांनी थोडं ढकलावं, कोणाच्या लक्षात येणार? पण बेशुद्ध माणूस ढकलत नाही. शेवटच्या आजारात वडिलांना मी जिन्यावरून असंच खाली आणलं होतं. त्यांचं वजन काहीच उरलं नव्हतं, तरी माझ्या नाकीनऊ आले, कारण ते अंग सोडेनात. प्रत्येक पायरीवर आपला भार आपण घ्यायला बघायचे, कठडा धरायचे. मी म्हणत होतो, बाबा, सोडा, सैल सोडा, मी आहे ना. त्यांनी सोडलं नाही. मी मान मागे टाकली, हात पडू दिले, पोट, मांड्या, सगळं सोडून दिलं. इतकं कठीण काम मी त्या तीन महिन्यांत केलं नव्हतं. काडीचा श्वास माझ्या कपाळावर आदळत होता. निम्म्यावर तो थांबला. त्याचं एक बोट निसटलं.

"कंबर खाली," मी पुटपुटलो.

"गप," तो दातओठ खाऊन म्हणाला. "तू बेशुद्ध आहेस."

मग तो परत मागे सरकू लागला. एक धाप, एक पाऊल. लोक ओरडत होते, ट्रेनर पोरगी तर किंचाळत होती, आणि माझ्या पाठीखालून पांढरी रेषा गेली, तिची फक्की माझ्या पँटला लागली असणार. काडी मटकन खाली बसला. माझं डोकं त्याच्या मांडीवर आलं. हात अजून माझ्या छातीवर बांधलेले होते, ते त्याने सोडले नाहीत. "काढलं," तो म्हणाला. "काढलं रे तुला बाहेर." त्याच्या नाकावरून घाम की काय ते माझ्या डोळ्यात पडलं. आता तो मला कुठूनही बाहेर काढू शकत होता, आणि मी कुठे आत जाणार नव्हतो. हे त्यालाही त्याच वेळी कळलं असावं, कारण त्याने माझ्या छातीवरचे हात आणखी आवळले.

"ऊठ," मग तो म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत."

साहेबांनी पुढच्याला हाक मारली. कोणीतरी उसवलेला बाहुला बाजूला नेला. मला उठवत नव्हतं.